चित्र-फायलींचे क्रमवार पुनर्नामकरण

कॅमेरा, मोबाइल किंवा स्कॅनरमधून आलेल्या अनेक चित्र-फायलींची नावे एका झटक्यात बदलून त्यांना समान नाव आणि चढता क्रमांक देण्याची पद्धत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्टुडिओंत लग्नसराईत हे काम रोजचे असते. साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून फोटो हजारांत जातात आणि अल्बम करणाऱ्याच्या हाती ते ओळीने पडावे लागतात.

कॅमेऱ्याने दिलेले नाव या कामाला पुरत नाही. जपानमध्ये १९९८ साली ठरलेल्या डीसीएफ नियमानुसार फायलीच्या नावात चार अक्षरे किंवा चिन्हे आणि चार आकडे असतात: ‘डीएससी_०००१’, ‘आयएमजी_०००१’ असे. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात धावत्या घोड्यांवर कॅमेरा सलग चालवणाऱ्याला तो आकडा गाठायला फार दिवस लागत नाहीत. शिवाय एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की दोन वेगळ्या फोटोंना एकच नाव मिळते. ते एका फोल्डरमध्ये ओतताना संगणक ‘जुनी फाइल बदलू का?’ असे विचारतो. घाईत ‘हो’ दाबले की आधीचा फोटो गेला. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा फोल्डर आधी वेगळा ठेवतात.

क्रमांकाच्या आधी शून्ये लावण्यामागेही कारण आहे. नावे निव्वळ अक्षरक्रमाने लावणारी साधने १ नंतर १० आणि ११ घेतात, २ मागून येतो. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर आकड्याची किंमत ओळखतो. पण तोच पेनड्राइव्ह टीव्हीला किंवा दुसऱ्या प्रणालीला लावला की क्रम विस्कटू शकतो. ०००१, ०००२ असे सारख्या लांबीचे आकडे दिले की हा प्रश्न उरत नाही. हजारावर फोटो असतील तर चार आकडी क्रमांकच घ्यावा.

खरा प्रश्न क्रम कशावरून ठरवायचा हा. फाइलची ‘बदलल्याची तारीख’ कॉपी किंवा एडिट करताना पालटू शकते. भरवशाची ती फोटोच्या आत एक्झिफ माहितीत नोंदलेली टिपल्याची वेळ. मात्र तीही कॅमेऱ्याच्या घड्याळाइतकीच खरी. दोन फोटोग्राफरांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असला, तर अल्बममध्ये अक्षता आधी पडतात आणि अंतरपाट मागून धरला जातो. दोन्ही घड्याळे मांडवात शिरण्यापूर्वीच जुळवणे सोपे. नंतर एक्झिफटूलसारख्या साधनाने एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा पुढेमागे सरकवता येतात. एका सेकंदात अनेक फोटो निघाले असतील तर नुसती वेळ नावात घालून भागत नाही, शेवटी क्रमांक जोडावाच लागतो.

साधनांना तोटा नाही. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून एफ२ दाबून नाव लिहिले की पुढे कंसात आकडा येतो, पण आधीची शून्ये मिळत नाहीत. त्यासाठी इरफानव्ह्यू, अडोबी ब्रिज किंवा पॉवरटॉइजमधील पॉवररिनेम वापरतात. मॅकच्या फाइंडरमध्ये ही सोय २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपासून आहे. एकाच फोटोची रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग अशी जोडी असेल तर दोघांना एकच क्रमांक मिळाला पाहिजे. लाइटरूम या फोटो लावण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच घेतलेल्या फोटोंची नावे लाइटरूममधूनच बदलावीत. बाहेरून बदलल्यास त्याला फायली सापडत नाहीत.

नाव बदलण्याची वेळ एकच योग्य: ग्राहकाला फोटो दाखवण्यापूर्वीची. नवरदेवाकडची मंडळी ‘१२, ४५, ७८ घ्या’ अशी यादी पाठवतात आणि पुढचे सगळे काम त्या आकड्यांवर चालते. त्यानंतर अंधूक फोटो वगळून पुन्हा एकपासून नंबर टाकले तर यादी कुचकामी होते. वगळलेले क्रमांक रिकामे राहू द्यावेत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचे मूळ नाव टिकत नाही. अँड्रॉइड फोनवर त्याला तारीख आणि ‘डब्ल्यूए’ असलेले नवे नाव मिळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास नाव तसेच राहते.

हस्तलिखितांच्या स्कॅनला वेगळा न्याय लागतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथे जुन्या हस्तलिखितांचे संग्रह आहेत. सुट्या पानांच्या अशा पोथ्यांत पत्रांक, म्हणजे पत्राचा (सुट्या पानाचा) क्रमांक, बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो, म्हणजे एका आकड्यात दोन चित्रे येतात. येथे १, २, ३ अशी सरळ मोजणी केली तर फायलीचा क्रमांक आणि पोथीचा पत्रांक दुसऱ्याच चित्रापासून फारकत घेतात. ‘००१अ’ म्हणजे पुढची बाजू, ‘००१ब’ म्हणजे मागची, अशी नावे सोयीची पडतात. मधले एखादे पत्र गहाळ असेल तर त्याचा क्रमांक पुढच्या पत्राला देत नाहीत.