कामगंध सापळा आणि आमिष सापळा: वायरवर्म नेमकी कशात सापडते?

गव्हाची उगवण विरळ होते, मधलं पान पिवळं पडतं, रोप उपटलं तर जमिनीखालचा कोंब कुरतडून धाग्यांसारखा पिंजलेला दिसतो. शेजारची माती उकरली की हाती लागते वायरवर्म. पिवळसर तपकिरी, चकचकीत, तारेच्या तुकड्यासारखी ताठ अळी. तोवर वेळ गेलेली असते, कारण उभ्या पिकात तिच्यावर कामाचा उपाय नाही. त्यामुळे सापळे लावायचे ते पेरणीआधी. घोटाळा इथेच होतो. एक जण कामगंध सापळा लावतो, दुसरा आमिष सापळा पुरतो, आणि दोघंही आपापले आकडे एकमेकांशी ताडून बघतात.

कामगंध सापळ्यात अळी येतच नाही. येतो तो तिचा प्रौढ भुंगेरा, उताणा पडला की 'टक्' आवाज करत उसळी मारून सरळ होणारा, आणि त्यातही जवळजवळ सगळे नर. सापळ्यातल्या ल्यूरमध्ये, म्हणजे गंध सोडणाऱ्या कुपीत, मादीच्या गंधाची नक्कल असते. अ‍ॅग्रिओटिस या वायरवर्मच्या एका गटातल्या बहुतेक जातींसाठी ती जेरॅनिऑल या सुगंधी द्रव्याच्या एस्टरची (त्यापासून बनणाऱ्या संयुगाची) असते आणि जातीगणिक एस्टर बदलतो. म्हणजे रिकामा सापळा हा चुकीच्या ल्यूरचाही पुरावा असू शकतो.

शिवाय अळी जातीनुसार २ ते ५ वर्षं मातीत राहते. आज सापडलेला नर या हंगामातल्या मीलनाची खबर देतो. आज मुळं खाणारी अळी मात्र काही वर्षांपूर्वी घातलेल्या अंड्यातली असू शकते, आणि तो नर कदाचित बांधावरच्या गवतातून आलेला. काही जातींत भुंगेऱ्यांची संख्या आणि पुढच्या वर्षांतल्या अळ्या यांचा मेळ बसतो, काहींत बसत नाही. माझ्या मते हा सापळा कुठल्या शेतात खणायचं ते ठरवायला चांगला. फवारणी किंवा बीजप्रक्रिया ठरवायला नाही. नर पकडून कीड आटोक्यात येईल ही आशा तर सोडूनच द्यावी, उरलेले थोडे नरही पुष्कळ माद्यांना पुरतात.

आमिष सापळा दिसायला अगदी गावठी. सुमारे ११ सेंमी व्यासाची, भोकं पाडलेली प्लॅस्टिकची कुंडी. तीत व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि ३०-३० मिली गहू व मका, सगळं नीट भिजवलेलं. कुंडी जमिनीत पुरायची, वर थोडी पोकळी ठेवून झाकण घालायचं आणि १० ते १५ दिवस हात लावायचा नाही. दाणे अंकुरताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि वायरवर्म डोळ्यांनी नव्हे, या वायूच्या मागावर अन्नापर्यंत पोचते. बियाणं औषध लावलेलं नको, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

याच युक्तीत या सापळ्याची कमजोरीही आहे. शेतात हिरवं तण किंवा कुजणारा काडीकचरा असेल तर तोही तोच वायू सोडतो, मग अळीला कुंडीकडे वळायचं कारण राहत नाही. माती ८ अंशांपेक्षा थंड असेल किंवा वरचा थर कोरडा पडला असेल तर अळ्या खालीच बसतात. कात टाकायच्या बेतात असलेली अळी खातही नाही. या सगळ्यात कुंडी रिकामी निघते आणि शेत स्वच्छ आहे असं वाटतं. अळ्या शेतभर सारख्या पसरलेल्या नसतात, म्हणून दोन-तीन कुंड्यांवर भिस्त ठेवू नये.

कुंडी काढल्यावर आतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये मोकळा करून चिवडायचा. घाई नसेल तर तो चाळणीवर पसरून वर दिवा लावायचा. वरून वाळत गेला की अळ्या खाली सरकून भांड्यात पडतात. डोक्याजवळ पायांच्या ३ जोड्या दिसल्या तर वायरवर्म समजावी. अंगभर पाय असतील तर तो वाणी किंवा गोम.

मोजणी झाली तरी भिंग ठेवून देऊ नका, जात ओळखायची राहिलेली असते. इटलीतल्या मक्याच्या शेतांवरून कीटकशास्त्रज्ञ लोरेन्झो फुर्लान यांनी २०१४ मध्ये मांडलेली नुकसानीची मर्यादा प्रति आमिष सापळा सरासरी इतक्या अळ्यांची आहे: अ‍ॅग्रिओटिस ब्रेविस १, सॉर्डिडस २, उस्टुलाटस ५. एकाच गटात पाचपट फरक, आणि तोही मक्यापुरता, उघड्या, ओलसर जमिनीतला. अळीच्या शेपटाच्या टोकाला दोन काळपट खळगे दिसले तर ती अ‍ॅग्रिओटिस. तिथे खाच असेल तर ती लिमोनियससारख्या दुसऱ्या गटातली, आणि हे आकडे तिला लावता येत नाहीत.