गाडीखालचा आवाज: पाट्यांचा की सायलेन्सरचा?

जिप्सी, थार आणि जुन्या जीप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा तीनच शब्दांत सांगितली जाते: "खालून आवाज येतो." तेवढ्यावरून कोणी शॉकअप बदलून घेतात, कोणी पाट्यांचे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरे, आणि खर्च झाल्यावरही आवाज जिथल्या तिथे राहतो, कारण तो सस्पेन्शनचा नसून सायलेन्सरचा असतो. याच्या उलटही घडते. दोन्ही यंत्रणा चासीखाली दाटीवाटीने बसवलेल्या असल्यामुळे एकीतला दोष दुसरीवर आदळून ऐकू येतो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी आवाजाचे मूळ नक्की करावे. ते काम बऱ्याच अंशी आपण घरच्या अंगणातही करू शकता.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत जावा. गाडी जागेवर असतानाच खडखड ऐकू आली, आणि विशेषतः ती ठरावीक रेसवरच येऊन मग थांबली, तर सस्पेन्शनला हात लावण्याचे कारण नाही. सायलेन्सर लटकवण्याचे रबर, उष्णता अडवणारा पत्रा किंवा इंजिनाचे माउंटिंग पाहावे. उभ्या गाडीत काहीच आवाज नाही, परंतु गतिरोधकावर किंवा खड्ड्यात ठक असा आवाज येतो, तर शॅकलचे (पाट्यांचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश, शॉकअपचे बुश आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट यांच्यावर संशय घ्यावा. तिसरा प्रकार फसवा आहे. मागे माणसे बसली किंवा एक चाक दगडावर चढले, तरच आवाज येतो. अशा वेळी पाटे बसलेले असतात, बम्पस्टॉपचे (ॲक्सलला फार वर येण्यापासून अडवणारे) रबर तुटून पडलेले असते आणि ॲक्सल, म्हणजे चाके जोडणारा आडवा दांडा, वर येऊन सायलेन्सरच्या नळीला लागतो. नळीवर त्या जागी घासून चकाकलेला डाग दिसतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा सायलेन्सर बसवला, तर तोही तिथेच चेपणार.

केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय आमचे कारागीरही शिरत नाहीत.

सस्पेन्शनची तपासणी

मित्राच्या गाडीला लागू पडलेला उपाय आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही. जिप्सीच्या चारही चाकांना पाटे आहेत. 2010 साली आलेल्या थार सीआरडीई या डिझेल गाडीला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आणि मागे पाटे आहेत. 2020 च्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा डोलते ते पाहायचे, ही परीक्षा कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ठीक आहे. पाट्यांच्या गाडीत मात्र पाटे एकमेकांवर घासून हालचाल आपोआप मंदावते, त्यामुळे शॉकअप पूर्ण निकामी असला तरी गाडी फारशी डोलत नाही. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे खराब रस्त्यावर गाडी चालवून थांबावे आणि चारही शॉकअपच्या नळकांड्यांना जपून हात लावावा. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम झालेला असतो; बाकीचे गरम असताना एखादाच थंड राहिला असेल, तर तो काम करत नाही. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ बसलेली असेल तर काळजी नसावी, पण तेल ओघळत असल्यास तो बदलावाच.

गाडी सरळ रस्त्यावर तिरकी धावते, मागून पाहणाऱ्याला मागची चाके एका बाजूला सरकलेली दिसतात, अशी तक्रार असेल तर पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटल्याची शक्यता मोठी असते. हा बोल्ट ॲक्सलला पाट्यांवर जागेवर धरतो. यू-बोल्ट सैल राहिले की सगळा ताण त्याच्यावर येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे; चाके सरळ ठेवूनही फरक आढळला, तर गाडी चालवत न आणता आम्हाला कळवावे. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून पाटे उतरवल्यावर आम्ही जुने यू-बोल्ट पुन्हा वापरत नाही, आणि नवे पाटे बसवल्यानंतर साधारण 500 किलोमीटरला गाडी पुन्हा आवळण्यासाठी बोलावतो. ही फेरी चुकवू नये.

कुरकुर थांबावी म्हणून पाट्यांवर जळके ऑइल मारण्याची जुनी सवय आम्हाला मान्य नाही. कोकणातली तांबडी धूळ त्या ऑइलला चिकटून काचकागदासारखी पाटे झिजवते, आणि ऑइलमुळे बुशांचे रबर फुगून मऊ पडते. पाट्यांमधला चिखल पाण्याच्या धारेने काढणे पुरेसे आहे.

ठरावीक वेगावर स्टिअरिंग जोरात थरथरू लागले, तर घाबरून टाय रॉड (स्टिअरिंगचा पुढची चाके जोडणारा दांडा) बदलण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का, ते पाहावे; मूठभर चिखलानेही चाकाचा तोल बिघडतो. त्यानंतर टायरमधली हवा, मग टाय रॉड एंड आणि किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग हा क्रम ठेवावा. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) बसवून थरथर दाबता येते, पण ढिला सांधा तसाच राहतो. जिप्सीची उंची वाढवण्यासाठी पुढे लांब शॅकल बसवल्यास कॅस्टर कोन (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होऊन स्टिअरिंग भरकटते. अशा गाडीची तपासणी आम्ही तिथूनच सुरू करतो.

सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड

सकाळी गाडी सुरू करताच टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापले की बंद होते, तेव्हा अनेकांना टॅपेट (इंजिनातला व्हॉल्व्ह हलवणारा भाग) वाजल्याचा भास होतो. पुष्कळदा ती मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पहिल्या नळ्यांची) फट किंवा जळालेले पॅकिंग असते. लोखंड तापून फुगले की फट मिटते. खात्री करण्यासाठी थंड इंजिन सुरू करून सोबतच्या व्यक्तीने जाड ओल्या फडक्याने शेपटीची नळी दोन-तीन सेकंद दाबून धरावी. गळती असेल तिथून फुसफुस स्पष्ट ऐकू येते, आणि सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. ही तपासणी मोकळ्या हवेतच करावी.

पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, गळती असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचे मोजमाप देतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेते. म्हणजे मायलेज घटण्याचे कारणही इथेच सापडू शकते. कापडी हुडाच्या गाडीत गळती अधिक गंभीर आहे. फक्त मागचा पडदा उघडा ठेवून चालवल्यास धूर मागून आत खेचला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत बसल्यावर डोके जड होत असेल, तर सगळे पडदे पूर्ण उघडावेत आणि नळीची तपासणी होईपर्यंत लांबचा प्रवास टाळावा.

ओढा ओलांडताना शेपटीची नळी पाण्यात असेल, तर ॲक्सिलरेटर सोडू नये. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

2020 नंतरच्या डिझेल थारमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साठलेली काजळी जाळताना आतले तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. गावाजवळच्या लहान, सावकाश फेऱ्यांमध्ये ही प्रक्रिया अर्धवट राहते, आणि सूचना-दिवा लागल्यावरही दुर्लक्ष झाले तर फिल्टर चोंदतो. दिवा लागल्यास मोठ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी. उन्हाळ्यात सड्यावरच्या वाळल्या गवतात गाडी उभी करू नये, आणि नळीभोवती अडकलेले गवत काढून टाकावे.

आवाज मोठा व्हावा म्हणून सायलेन्सर कापून देण्याचे काम आम्ही घेत नाही. गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे स्पष्ट केले आहे.

तपासणीसाठी येताना

गाडी धुऊन आणू नये, ही आमची विशेष विनंती आहे. तेलाचा ओघळ, काजळीचा पट्टा आणि घासल्याची खूण धुऊन गेली, तर तपासणीचा वेळ वाढतो आणि त्याची मजुरी आपल्यालाच पडते. आवाज फक्त सकाळी येत असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जावी, म्हणजे थंड इंजिन आम्ही स्वतः सुरू करून ऐकू. काढलेले जुने भाग आम्ही गाडी देताना दाखवतो. ते मागून घ्यावेत.