नस मनगटात दबते, मन का खचतं?

मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू मुंग्यांनी भरलेली. हात झटकला की बरं वाटतं, डोळा लागतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. ही कार्पल टनेल सिंड्रोमची ओळखीची खूण. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते. झोपेत मनगट दुमडलं की आतला दाब वाढतो आणि नस चिमटते.

महिनोन् महिने अशी झोपमोड झाली की चिंता आणि नैराश्य मागे लागतं, यात नवल नाही. नवल पुढे आहे. नस किती दबली हे सांगणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. रिपोर्टमध्ये दोष किरकोळ, पण माणूस हैराण! मग घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' हे मला साफ चुकीचं वाटतं.

नसेकडून आलेला संदेश मज्जारज्जूत पोचतो, तेव्हा मेंदूही वरून त्याचा आवाज कमी-जास्त करत असतो. या कामात सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं लागतात. मनःस्थितीशीही त्यांचा संबंध आहे. अपुरी झोप आणि सततची धास्ती यांनी हे नियंत्रण ढिलं पडतं, आणि तेवढ्याच दाबाची वेदना जास्त जाणवते. म्हणूनच ड्युलोक्सेटिनसारखं औषध नैराश्यावर चालतं तसं काही चेताजन्य, म्हणजे नसांच्या बिघाडातून येणाऱ्या वेदनांवरही. (औषधाच्या माहितीपत्रकात 'नैराश्य' वाचून डॉक्टरांवर रागावणारे बरेच असतात.)

नैराश्य ओळखताना एक गोची होते. पीएचक्यू-9 ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतली झोप आणि थकवा विचारते. त्याचं उत्तर नुसत्या दुखऱ्या हातामुळेही 'हो' येऊ शकतं. त्यामुळे कशातच रस न वाटणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, याकडे जास्त लक्ष द्यावं. जीव नकोसा झाल्याचा विचार डोकावला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट साधाच उपाय, पण झोप परत मिळाली की मनालाही उभारी येते. शस्त्रक्रियेनंतर त्रास ओसरला की अनेकांची उदासीही कमी होते. त्यामुळे 'आधी मन सावरू, मग हाताचं बघू' असं म्हणत थांबू नये. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर मुळीच नाही: तिथले स्नायू एकदा झिजले की पूर्ववत होतीलच असं नसतं.