ऐतिहासिक नगरकेंद्रांचे युद्धोत्तर पुनरुज्जीवन

युद्धात बेचिराख झालेला शहराचा जुना गाभा पुन्हा उभारून नांदता करण्याची प्रक्रिया. यात वाद उद्भवतो तो ‘जुने’ म्हणजे नेमके कोणत्या काळातले, यावर.

सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण पोलंडमधील वॉर्साचे. १९४४ चा उठाव मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने हे शहर पद्धतशीरपणे जाळले व सुरुंगांनी उडवले. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी खास कार्यालय स्थापन झाले. तेथील वारसावास्तूंचे काम वास्तुविशारद यान झाख्वातोविच यांच्याकडे होते. युद्धकाळात लपवून वाचवलेले जुन्या इमारतींचे नकाशे आता कामी आले. काही रस्त्यांसाठी बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या नगरचित्रांचाही आधार घेतला गेला. तरीही उभे राहिले ते १९३९ चे वॉर्सा नव्हे. एकोणिसाव्या शतकातील भर व घरांमागची दाटीवाटीची बांधकामे बऱ्याच ठिकाणी वगळली गेली आणि जुन्या वळणाच्या दर्शनी भिंतींआड आधुनिक सदनिका आल्या. विटांसाठी व्रोत्स्वाफसारख्या शहरांतील इमारती पाडल्या गेल्या. गौरवकथांत हे सहसा येत नाही. १९८० मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतले. मान मिळाला तो प्रत्यक्षात पुनर्बांधणीच्या कामाला.

नेदरलँड्समधील रॉटरडॅमने उलट वाट धरली. मे १९४० च्या बॉम्बफेकीनंतर तेथे मध्यवर्ती भागातील जमिनी सार्वजनिक ताब्यात घेऊन रस्त्यांची आखणीच बदलण्यात आली. १९५३ मध्ये खुली झालेली, वाहनांना बंद असलेली लाइनबान ही बाजारपेठ त्याचेच फळ.

ड्रेस्डेनमधील फ्राउएनकिर्खे या चर्चचा ढिगारा चार दशकांहून अधिक काळ स्मारक म्हणून तसाच राहिला. जर्मनीच्या एकीकरणानंतर पुनर्बांधणी सुरू होऊन २००५ मध्ये पूर्ण झाली. शाबूत चिरे पुन्हा वापरले असून त्यांचा काळपट रंग नव्या फिकट दगडांत उठून दिसतो.

बॉस्नियातील मोस्तारचा सोळाव्या शतकातील पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये क्रोएट सैन्याच्या तोफांनी पाडला. मूळ घडणीप्रमाणे बांधलेला पूल जुलै २००४ मध्ये खुला झाला. बॉस्नियाक (बॉस्नियातील मुस्लिम) व क्रोएट समाजांतील दुफळी मात्र टिकून राहिली. सत्तावाटपाच्या तिढ्यापायी २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत या शहरात स्थानिक निवडणूक होऊ शकली नाही.