पेटन मॅनिंग आणि ईलाय मॅनिंग : दोघांकडे दोन-दोन सुपर बोल, पण करिअर पार वेगळं

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, नवीन बघायला लागलेल्या माणसाचा हा गोंधळ हमखास होतो. मॅनिंग आडनावाचा क्वार्टरबॅक, निळी जर्सी, ड्राफ्टमध्ये (टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) अख्ख्या देशात पहिल्या नंबरला निवडलेला, वडील पण एनएफएलचे क्वार्टरबॅक, दोन सुपर बोल म्हणजे लीगच्या फायनल जिंकलेला... आता हे वर्णन पेटनचं पण आहे आणि ईलायचं पण. सोपी खूण हवी असेल तर १८ नंबर म्हणजे पेटन, मोठा भाऊ, जन्म १९७६, आधी इंडियानापोलिस कोल्ट्स आणि नंतर डेन्व्हर ब्रॉन्कोस. १० नंबर म्हणजे ईलाय, धाकटा, जन्म १९८१, पूर्ण करिअर एकाच टीमकडे, न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्सचं मैदान खरं तर न्यू जर्सीत ईस्ट रदरफोर्डला आहे आणि त्या भागात आपली मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे तिकडच्या चुलत-मावस भावंडांकडून नुसतं "मॅनिंग" ऐकलं तर तो बहुतेक ईलाय असतो.

पण नंबर पाठ करून गोंधळ अर्धाच सुटतो. मला जे सांगायचंय ते हे की दोन आणि दोन अंगठ्या (सुपर बोल जिंकल्यावर मिळतात त्या) बघून लोक दोघांना एकाच मापात बसवतात, आणि ते बरोबर नाही, कारण त्या अंगठ्यांपर्यंत दोघं ज्या रस्त्याने पोचले ते रस्ते एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

आधी क्वार्टरबॅकचं काम थोडक्यात. टीमच्या अटॅकचा जवळपास प्रत्येक प्ले त्याच्या हातात बॉल येऊन सुरू होतो, फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं आणि तेवढ्या वेळात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात. आपल्या माणसाने बॉल एंड झोनमध्ये पकडला की टचडाउन, समोरच्याने मधेच पकडला की इंटरसेप्शन.

वडील आर्ची मॅनिंग न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून खेळले, चांगले होते पण टीम इतकी कमकुवत की तिथे जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त झालं. त्यांना तीन मुलं. सगळ्यात मोठा कूपर, तो बॉल पकडणारा रिसीव्हर, शाळेत पेटन फेकायचा आणि कूपर पकडायचा. कूपरच्या पाठीच्या कण्यात दोष निघाला आणि कॉलेजला पोचल्या पोचल्या त्याचा खेळ संपला. १८ हा कूपरचा शाळेतला नंबर होता आणि त्याआधी कॉलेजात वडिलांचा. पेटनने तो नंबर घेतला तो भावासाठी. पुढे कॉलेज निवडताना पेटन वडिलांच्या मिसिसिपीला न जाता टेनेसीला गेला, ईलाय मात्र वडिलांच्याच कॉलेजात गेला, आणि गंमत म्हणजे दोघांना घडवणारा माणूस एकच, डेव्हिड कटक्लिफ. टेनेसीत तो पेटनचा कोच होता, नंतर मिसिसिपीत ईलायचा हेड कोच झाला.

ड्राफ्टची गोष्ट पण सारखी दिसते पण नाहीये. १९९८ ला कोल्ट्सने पेटनला घेतलं, सरळ मामला. २००४ ला सॅन डिएगो चार्जर्सकडे पहिली निवड होती, मॅनिंग कुटुंबाने आधीच कळवलं होतं की ईलाय तिथे खेळणार नाही, तरी चार्जर्सने त्यालाच घेतलं आणि मग त्याच दिवशी फिलिप रिव्हर्स आणि पुढच्या काही निवडींच्या बदल्यात जायंट्सला देऊन टाकलं. सॅन डिएगोच्या लोकांनी हे त्याला कधी माफ केलं नाही आणि मला त्यांचा राग समजू शकतो.

आता पेटन. पहिलंच वर्ष भयानक, टीम ३ जिंकली १३ हरली, त्याचे २८ इंटरसेप्शन, नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम आहे. आणि तिथून हा माणूस लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे एमव्हीपी पाच वेळा झाला, इतक्या वेळा दुसरं कोणीच नाही. त्याची खासियत हाताच्या ताकदीपेक्षा अभ्यासाची. बॉल हातात यायच्या आधी तो लाइनमागे उभा राहून समोरचा डिफेन्स वाचायचा, हातवारे करून ओरडून अख्खा प्ले बदलायचा, आपल्या प्रत्येक माणसाला पुन्हा लावायचा आणि घड्याळात सेकंदभर उरला असताना बॉल मागायचा. आज जवळपास प्रत्येक क्वार्टरबॅक हे थोडंफार करतो, पण पेटन ज्या प्रमाणात करायचा तसं तेव्हा कोणी करत नव्हतं. २०११ पूर्ण सीझन मानेच्या ऑपरेशनमुळे गेला, फेकायच्या हातातली ताकद गेली, कोल्ट्सने सोडून दिलं, तो पुन्हा कटक्लिफकडे जाऊन फेकायला शिकला आणि २०१३ ला सदतिसाव्या वर्षी ब्रॉन्कोससाठी ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड, एका सीझनचे दोन्ही विक्रम. मला विचाराल तर करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, दोन्ही सुपर बोलपेक्षा मोठी.

ईलायचं रेग्युलर सीझनचं करिअर बघितलं तर ११७ जिंकल्या, ११७ हरल्या. अगदी बरोबर अर्धं अर्धं. पेटनचं १८६-७९. ईलायचे इंटरसेप्शन २४४, म्हणजे तो चुकायचा आणि बऱ्याचदा चुकायचा, ऑल-प्रो टीममध्ये, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, एकदाही नाही. भाऊ-भाऊ समोरासमोर तीनदा आले, २००६, २०१० आणि २०१३, तिन्ही वेळा पेटन जिंकला. इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की तुलनाच कशाला करायची.

तर तुलना प्लेऑफमुळे, म्हणजे रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेरीमुळे. ईलाय प्लेऑफमध्ये ८ जिंकला ४ हरला, आणि त्या आठच्या आठ मॅच दोनच सीझनमधल्या, २००७ च्या चार आणि २०११ च्या चार. बाकी सगळी वर्षं मिळून शून्य. पण त्या दोन वर्षांत त्याने काय केलं बघा. ३ फेब्रुवारी २००८, ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला सुपर बोल, समोर टॉम ब्रेडी क्वार्टरबॅक असलेले न्यू इंग्लंड पेट्रियट्स, तोपर्यंत १८ पैकी १८ जिंकलेले. जायंट्स १४-१० ने मागे, सव्वा मिनिट शिल्लक, चारपैकी तिसरा चान्स, बॉल आपल्याकडे ठेवायला अजून पाच यार्ड हवेत. पेट्रियट्सच्या दोघांनी ईलायची जर्सी मागून ओढून धरली, पडलाच असं वाटलं, तो कसाबसा सुटला, मागे सरकला आणि मैदानाच्या मधोमध उंच फेकला. डेव्हिड टायरीने, ज्याने त्या पूर्ण रेग्युलर सीझनमध्ये चारच कॅच घेतले होते, उडी मारून बॉल एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, पेट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन त्याच्या हाताला लोंबकळत असताना. ३२ यार्ड. थोड्याच प्लेनंतर प्लॅक्सिको बरेसला टचडाउन, ३५ सेकंद शिल्लक, १७-१४. चार वर्षांनी पुन्हा तेच पेट्रियट्स, पुन्हा ईलाय मागे, स्वतःच्या १२ यार्डवरून सुरुवात आणि पहिलाच थ्रो ३८ यार्डचा, मारियो मॅनिंगहॅमला, दोन डिफेंडर आणि साइडलाइन यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत. तो थ्रो मी अजूनही स्लो करून बघते, कारण तिथे जागा दिसतच नाही. दोन्ही वेळा सुपर बोलचा एमव्हीपी ईलायच.

याच्या शेजारी पेटनचं प्लेऑफ ठेवा: १४ जिंकल्या १३ हरल्या, नऊ वेळा पहिल्याच मॅचमध्ये घरी. २००६ च्या सीझनमध्ये तो खरंच स्वतःच्या जोरावर जिंकला, सेमीफायनलला पेट्रियट्सविरुद्ध २१-३ मागे असताना ३८-३४, मग मायामीच्या पावसात बेअर्सना २९-१७. पण दुसरी अंगठी, फेब्रुवारी २०१६ ची, ती डिफेन्सची आहे. त्या सीझनला पेटनचे रेग्युलर सीझनमध्ये ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन, मधे काही आठवडे बाहेरच बसला होता, फायनलला एमव्हीपी व्हॉन मिलर. यात कमीपणा नाही, पण आकडा तोच दिसत असला तरी आतला माल वेगळा आहे.

आणि एक योगायोग, ज्याच्यामुळे लोक अजून गोंधळतात: ईलायचा दुसरा सुपर बोल इंडियानापोलिसला, म्हणजे पेटनच्या घरच्या मैदानात झाला, पेटन तेव्हा जखमी. आणि दोन वर्षांनी पेटन ब्रॉन्कोस घेऊन फायनलला आला तो ईलायच्या घरच्या मैदानात, पहिलाच स्नॅप, म्हणजे प्ले सुरू करायला त्याच्याकडे मागे दिलेला बॉल, त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि टीम ४३-८ हरली.

ईलायची एक गोष्ट आकड्यांत येत नाही. सलग २१० रेग्युलर सीझन मॅच सुरुवातीपासून खेळल्यावर २०१७ ला जायंट्सने त्याला बसवायचं ठरवलं, कोच म्हणाले सुरुवात तू कर, सलग खेळण्याचा आकडा चालू राहील, मग आपण दुसऱ्याला उतरवू. ईलायने नकार दिला. नुसत्या आकड्यासाठी मॅच सुरू करणं त्याला पटलं नाही. कोचला पुढच्याच मॅचनंतर काढलं आणि ईलाय परत खेळायला लागला, पण साखळी तुटली ती तुटलीच.

हॉल ऑफ फेम, म्हणजे खेळातल्या दिग्गजांना मिळणारा कायमचा मान, त्याचं पण सांगते. पेटन २०२१ ला पहिल्याच संधीत आत गेला, त्यात वाद असायचं कारणच नव्हतं. ईलाय २०२५ ला पात्र झाला आणि पहिल्या वर्षी निवड झाली नाही, ११७-११७ हा आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. सोळा सीझनसाठी क्वार्टरबॅक निवडायचा असेल तर मी डोळे झाकून पेटन घेईन, पण हॉल ऑफ फेममध्ये ईलाय पण असायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे, टॉम ब्रेडीच्या पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये शेवटच्या ड्राइव्हवर (म्हणजे शेवटच्या चढाईत) दोन वेळा हरवणारा क्वार्टरबॅक तो एकटाच आहे.