दाभोळ वीज प्रकल्प

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाजवळ अंजनवेल येथे उभारलेला वायू-आधारित वीजप्रकल्प. १९९१ च्या उदारीकरणानंतर भारतात आलेल्या परकीय गुंतवणुकीचे हे सर्वांत गाजलेले प्रकरण असून, परकीय भांडवल आणि लोकनियुक्त सरकार यांच्यातील करार जनतेच्या नजरेआड झाले की त्यांचे ओझे कोणावर पडते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने सामंजस्य करार केला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नाहीत. प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांचा प्रत्येकी १०. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदी करारावर सह्या झाल्या.

वादाचे मूळ या करारातच होते. मंडळाने वीज उचलली नाही तरी उपलब्ध क्षमतेपोटी स्थिर आकार द्यावा लागणार होता, दर डॉलरशी निगडित होते आणि इंधनाच्या किमतीतील चढउतारही मंडळाच्याच माथी होते. त्यावर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने हमी पाळली नाही तर पैसे भरण्याची हमी. मागणी, विनिमयदर आणि इंधन हे तिन्ही धोके अशा रीतीने सार्वजनिक तिजोरीवर आल्यामुळे, ज्या जोखमीसाठी गुंतवणूकदाराला नफा मिळायचा ती जोखीमच त्याच्याकडे फारशी उरली नव्हती.

१९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने करार रद्द केला, पण फेरवाटाघाटींनंतर तो अधिक मोठ्या क्षमतेसह स्वीकारला. भूसंपादन आणि मासेमारीवरील संभाव्य परिणाम यांविरुद्ध परिसरातील गावकऱ्यांनी आंदोलने केली. ती दडपताना मानवी हक्कांचा भंग झाल्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात केली.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा वायूऐवजी नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव इंधनावर सुरू झाला. खनिज तेल महागले, रुपया घसरला आणि महाग वीज उचलणे परवडत नसल्याने मंडळाने ती कमी घेतली. स्थिर आकार मात्र चुकत नव्हता. त्यामुळे घेतलेल्या प्रत्येक युनिटचा दर आणखी चढत गेला आणि देयके थकली. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने निर्णयप्रक्रियेतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले. त्याच वर्षी मे महिन्यात वीजनिर्मिती थांबली आणि डिसेंबरमध्ये एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली.

प्रकल्प बंद पडला तरी तंटा मिटला नाही. करारात लवादाचे स्थान लंडन होते, तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येतो, अशी भूमिका घेतली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमधील आपल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारत सरकारविरुद्धही दावे केले. एका राज्यातील वीजदराचा प्रश्न अशा प्रकारे या राज्याच्या मतदाराला जाब विचारता येणार नाही अशा मंचांपुढे गेला. २००५ मध्ये या दाव्यांवर तडजोड झाली.

त्याच वर्षी राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आणि ‘गेल’ ही सरकारी वायू कंपनी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प सोपवण्यात आला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा पुरवठा घटल्यावर तो पुन्हा बंद पडला. पुढे भारतीय रेल्वे त्याच्या विजेची प्रमुख ग्राहक झाली.