अरिसाका रायफलीवरचं घासलेलं फूल

दुसऱ्या महायुद्धातून अमेरिकन सैनिकांनी घरी नेलेल्या जपानी अरिसाका रायफलींबद्दल एक समज घट्ट रुजलाय. सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह शाबूत असेल तर रायफल रणांगणात मिळालेली. घासलेलं असेल तर १९४५च्या शरणागतीनंतरची.

ऐकायला छान, पण अर्धवट. शरणागतीनंतर हजारो रायफलींवरचं चिन्ह घासलं गेलं, हे खरं. मात्र जपानी लष्कर जुन्या रायफली शाळांना कवायतीसाठी देतानाही ते खोडत असे. आणि शरणागतीनंतरही काही रायफली फुलासकट गेल्या.

रायफल घरी न्यायची परवानगी म्हणून सैनिकाला मिळालेला वरिष्ठांच्या सहीचा कागद हरवला असेल, तर रायफलच वाचायची. टाइप ९९ या अरिसाकाच्या प्रकारावर अनुक्रमांकाशेजारी चार गोळे रचल्यासारखी वर्तुळं दिसली तर ती जपानमधल्या कोकुरा कारखान्यातली. आकड्याआधी वर्तुळात जपानी अक्षर असेल तर ते उत्पादनाच्या मालिकेचं चिन्ह. बोल्टच्या, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्यावरचा आकडा अनुक्रमांकाशी जुळतो का, तेही पाहा. दस्त्याच्या टोकाला लाकडी पट्टी आणि नेम धरायची मागची साइट न हलणारी असेल तर रायफल बहुधा युद्धाच्या अखेरच्या काळातली.

अनुक्रमांकावरून सैनिकाचं नाव मात्र निघत नाही, विकणारा काहीही सांगो. त्यासाठी सेवेच्या नोंदी लागतात. अमेरिकी लष्कराच्या त्या काळातल्या बहुतेक नोंदी सेंट लुइसच्या १९७३च्या आगीत जळाल्या.